नऊ घरांत एकच पाऊल

माझ्या हर्षलला एक वाईट खोड लागली आहे. तो आईशी बोलत नाही, आईला वाचतो.

दारू पीत असता, पत्ते खेळत असता तर चार माणसांत बसवून झापला असता. या खोडीला काय करायचं? पुण्यात सकाळी दात घासता घासता तो टॅबवर माझं पान उघडतो. द्वारकाबाई उठल्या. द्वारकाबाईंनी पाणी तापवलं. द्वारकाबाईंनी गोळ्यांची डबी उघडली. खाली हिरवी खूण दिसली की आई बरी आहे, चला कामाला. फोन कशाला करायचा? पेपर वाचून झाल्यावर संपादकाला कोणी फोन करतं का?

मी चौथीपर्यंत शिकले. पण केळीच्या वखारीत बायकांची अख्खी टोळी माझ्या शब्दावर चालत होती, आणि आमच्या गल्लीतलं भांडण कधी पोलिसात गेलं नाही, माझ्या ओट्यावर आलं. मला कोणी हिरवी खूण समजावं हे मला खपत नाही.

ती खूण देणारी पेटी देवघराच्या वर भिंतीत बसवली आहे. दिसायला मसाल्याच्या डब्याएवढी. दाराची कडी, दिवे, गॅस, नळ सगळं तिच्या हुकमात. फरशीखाली तारा घातल्या आहेत. माणूस चाललं की फरशी किंचित थरथरते आणि ती थरथर पेटीला कळते. प्रत्येकाची चाल वेगळी म्हणे, अंगठ्याच्या ठशासारखी. माझा डावा पाय वखारीत गाड्याखाली सापडला होता, तेव्हापासून जरा घासत येतो. त्या घासण्यावरून पेटी मला ओळखते. घरात जे काही हलेल त्याची ती एकेक ओळ लिहिते: अमक्या वेळी दार उघडलं, तमक्या वेळी दिवा लागला.

पेटी बसवली त्या दिवाळीला मी हर्षलला विचारलं होतं, "चोर शिरला, चोरी केली आणि जाताना पेटीतलं लिहिलेलंच पुसून गेला तर?"

तो इतका खूश झाला की बशीतला चहा मांडीवर सांडला. "आई, नेमकं हेच! म्हणून तर माझी नोकरी आहे."

मग त्याने समजावलं. शाळेतल्या मास्तरांपेक्षा बरं समजावतो, ते खोटं कशाला बोलू. म्हणाला, ज्या यंत्रात चोर शिरतो त्याच यंत्रावर नोंद ठेवली तर ती चोराच्याच हातात पडते. म्हणून पेटी एक ओळ लिहिते आणि लिहिल्या क्षणी ती दूर पाठवून देते. दूर म्हणजे पुण्याला, मोठ्या सर्व्हरवर. तो सर्व्हर फक्त घेतो. त्याच्याकडून काही पुसून घेता येत नाही, एक काना-मात्रासुद्धा नाही. इकडे पेटी फोडली, जाळली, तरी ओळ तिकडे पोचलेली असते.

"तुलाही पुसता येत नाही?"

"मलाही नाही. मीच तसं बांधलंय."

आणि आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. मी तेव्हा ती कानाआड केली. म्हणाला, "एका घराच्या नोंदीत चोर दिसतच नाही, आई. दार उघडलं, मिटलं, त्यात काय? पण शेकडो घरांच्या ओळी एका जागी आणून वेळेप्रमाणे एकाखाली एक लावल्या की दिसतं, हा माणूस इथून निघाला, तिथे शिरला, तिथून पुढे गेला. एकेकट्या घराला जे कळत नाही ते मधल्या सर्व्हरला कळतं."

आमची गल्ली तापीकाठच्या केळीच्या गावातली. अकरा घरं. त्यातली नऊ बंद. उरलं माझं आणि समोरचं वच्छलेचं. वच्छला फिरके माझ्याच वयाची. गुडघे गेले, चाकाच्या खुर्चीत बसते, पण जीभ अजून धावते.

बंद घरांच्या बायका एकेक करून गेल्या. कोणी मुलाकडे गेली, कोणी देवाघरी. जाताना प्रत्येकीने माझ्या हातात किल्ली दिली. दुसरं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "द्वारका, तिन्हीसांजेला घर अंधारं राहू देऊ नको." शांता भंगाळेने तर दवाखान्याच्या गाडीत बसताना किल्लीबरोबर तेलाची बाटली पण दिली. जशी काही माझ्याकडे तेल नव्हतं!

तेव्हापासून दिवस कलला की मी निघते. कुलूप काढते, केर असला तर लोटते, देवासमोर दिवा लावते. दिवा फुंकून विझवायचा नसतो आणि बंद घरात जळता ठेवून निघायचंही नसतं. म्हणून मी थेंबभरच तेल घालते आणि तो आपण होऊन शांत होईस्तोवर बसते. मग पुढचं घर.

बसल्या बसल्या बोलते. झोप्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा आहेत, त्यांच्याशी बोलते. भंगाळ्यांकडे शांताचा पितळी पाणतांब्या पालथा आहे, त्याला म्हणते, काय व, तुझा यतीन दुबईत काय करू राहिला? रिकाम्या घरात आवाज फिरून परत येतो, कोणी हुंकार दिल्यासारखा. माझ्या घरात तेवढंही होत नाही. माझं घर सामानाने भरलेलं आहे.

या नऊ घरांतही पेट्या आहेत. पोरांनी बाहेरगावाहून बसवून घेतल्या, ज्याने त्याने वेगळ्या कंपनीच्या. मी येते-जाते हे प्रत्येक पेटीने लिहिलं, आणि कोणी वाचलं नाही. मग यंदा हर्षलने नवीन योजना काढली. सगळ्या कंपन्यांच्या पेट्या एकाच मोठ्या सर्व्हरला जोडायच्या. सुरुवात कुठून? आपल्या गल्लीपासून. आई एकटी असते, आजूबाजूला बंद घरं, चोराचिलटाचं भय. पोराने प्रेमाने केलं. तेच तर म्हणते मी.

संक्रांतीनंतरची गोष्ट. तीन घरं करून मी भंगाळ्यांच्या दाराशी आले. किल्ली फिरली, पण आतली कडी सरकेना. दारावरचा ठिपका लाल झाला आणि आतून बाईचा गोड आवाज आला, "आपली ओळख पटत नाही. कृपया दारापासून दूर व्हा."

"कोणाची ओळख पटत नाही?" मी विचारलं. "तुझ्या घरधनिणीचं बाळंतपण मी केलं आहे. यतीनची नाळ कुठे पुरली ते विचार मला."

"कृपया दारापासून दूर व्हा."

समोरच्या खिडकीतून वच्छला ओरडली, "व द्वारका! दार तुला शिव्या देऊ राहिलं का?"

"शिव्या देत असतं तर बरं होतं. हे कृपया म्हणू राहिलं!"

"मग गंभीर आहे," वच्छला म्हणाली. "मला माझी सून कृपया म्हणाली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात वेगळी निघाली."

मी हसत पुढे गेले. पुढचं दार लाल. त्याच्या पुढचंही. मागे वळून पाहिलं, ज्या तीन घरांत आत्ताच दिवा लावून आले त्यांच्याही दारावर लाल ठिपके. अख्खी गल्ली माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. शांताची तेलाची बाटली पदराखाली धरून मी भर रस्त्यात उभी. त्या दिवशी सहा घरं अंधारात राहिली.

घरात पाऊल टाकलं तोच फोन वाजला. हर्षल. त्याचा आवाज मी शेवटचा अक्षय्य तृतीयेला ऐकला होता.

"आई, तू कुठे होतीस?"

"का रे? तुला माहीत नाही होय?"

त्याने तो प्रश्न सोडून दिला. मग म्हणाला, "आई, तुझा आवाज असा का येतोय? तोंडात काही आहे का?"

"कवळी आहे. वरची पंगत पावसाळ्यातच गेली, पितरांच्या आधी कवळी बसवली. तुझ्या पेटीला दात मोजता येत नाहीत वाटतं."

"मी उद्या येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आला तो दुपार कलल्यावर. सून आली नाही, तिला सुट्टी नव्हती. डोळ्यांखाली काळं, केस पिकलेले. मी बाजरीची भाकरी आणि शेवभाजी वाढली. त्याने भाकरीचे तुकडे केले आणि ताटात इकडून तिकडे फिरवत बसला.

"बोल," मी म्हणाले. "जेवण नासवू नको."

त्याने सांगितलं. गल्लीतल्या पेट्या मोठ्या सर्व्हरला जोडल्या, त्याच आठवड्यात सर्व्हरने सगळ्या ओळी वेळेप्रमाणे एकाखाली एक लावल्या. नऊ बंद घरं, रोज संध्याकाळी, एकापाठोपाठ एक, आणि सगळीकडे तेच पाऊल. डावा पाय घासत येणारं. प्रत्येक घरात थोडा वेळ थांबायचं, थोडी आग पेटवायची आणि पुढे जायचं. ते पाऊल त्या घरांच्या माणसांच्या यादीत नव्हतं, म्हणून सर्व्हरने लाल शिक्का मारला: घुसखोर एक, घरं नऊ. सगळ्या मालकांना आपोआप निरोप गेले, कड्या आपोआप बंद झाल्या.

"तुझा सर्व्हर हुशार आहे," मी म्हणाले. "बरोबर पकडलं."

"आई, चेष्टा नाही ही. यतीन भंगाळेने दुबईहून तक्रार टाकली आहे. झोप्यांच्या दोघा भावांत घरावरून कोर्ट चालू आहे, त्यातला प्रत्येक जण म्हणतोय, दुसऱ्यानेच कोणाला तरी आत घातलं. कारण देऊन प्रकरण मिटवलं नाही तर ते पोलिसांकडे जाणार. आपोआप."

"मग कारण दे. दिवा लावते म्हणून सांग."

"कारणांच्या यादीत दिवा नाहीये, आई."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खरंच बोलत होता. एवढं मोठं यंत्र, दोन लाख घरांवर नजर ठेवणारं, आणि ते बांधताना कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं की माणूस रिकाम्या घरात दिवा लावायला जाऊ शकतो. बांधणारा याच गल्लीत वाढलेला. याच तिन्हीसांजेला खेळातून ओढून आणून मी त्याला शुभंकरोती म्हणायला बसवत होते.

"आणि मला काढून टाकतील," तो ताटाकडे बघत म्हणाला. "निरोप आला तेव्हा मी ऑफिसातच होतो. तुझी चाल मी ओळखली. बघताक्षणी ओळखली. मी... मी त्या ओळी पुसायला गेलो, आई."

"पुसल्या गेल्या?"

"नाही. पुसता येत नाहीत. आणि मी पुसायला गेलो, त्याचीही ओळ झाली. माझ्या नावाने. तीही पुसता येत नाही."

मला हसू आलं आणि रडूही. स्वतः बांधलेल्या हौदात स्वतःच पडला होता, आणि पडला कशासाठी तर आईसाठी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते. ठेवला असता तर बरं झालं असतं, पण तेवढ्यात त्याने टॅब काढला.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "यात एक कारण आहे. वृद्ध व्यक्ती, स्मृतिभ्रंश. तू फक्त पेटीसमोर 'हो' म्हणायचं. मग गुन्हा राहत नाही. तक्रार बंद होते. माझंही निभावतं, आजारी आईसाठी मुलगा घाबरला, एवढंच होतं."

"आणि माझं काय होतं?"

"काही नाही. नावापुरतं. तुझ्या सह्या मी करायच्या. गॅस पेटवायला, घराबाहेर पडायला माझी परवानगी लागेल, ती मी देतच जाईन. त्या किल्ल्या मात्र परत कराव्या लागतील."

"आणि मी काही सांगितलं तर लोक ऐकतील?"

तो ताटातला भाकरीचा तुकडा कुस्करत बसला. मला उत्तर कळलं. उद्या मी ओट्यावर बसून म्हणाले की मला दुखतंय, तर पेटी लिहील, भ्रम. मी म्हणाले, माझ्या मुलाला भेटायचंय, तरी भ्रम. ज्या तोंडाने मी अख्ख्या गल्लीचे न्याय केले त्या तोंडातून निघालेली प्रत्येक गोष्ट आधीच खोटी लिहिलेली असेल. आणि ते कोणालाही पुसता येणार नाही. माझ्या मुलानेच तसं बांधलंय.

"तुला वाटतं का मला भ्रम झालाय?"

"नाही गं."

"शांताचं आडनाव?"

"आई, कशाला..."

"भंगाळे. तिला केळफुलाची भाजी आवडायची नाही, नवऱ्यासाठी करायची. तुझ्या मुंजीत तिने वाटलेले लाडू कसले होते?"

"...डिंकाचे?"

"मेथीचे. तू थुंकलास. आता सांग, भ्रम कोणाला आहे?"

तो हसला नाही. उन्हं भिंतीवरून खाली उतरली होती. खिडकीतून गल्ली दिसत होती, लाल ठिपक्यांची. वच्छलेने तिच्या ओट्यावर दिवा लावला होता, खुर्चीतून वाकून, कशीबशी.

"यतीनला तू फोन केलास?" मी विचारलं.

"निरोप गेलाय त्याला. सगळ्यांना गेलाय."

"मी फोन म्हणाले."

"सिस्टीममधून तसं करत नाहीत, आई. दोन लाख घरं आहेत."

"ही नऊ आहेत. तुमच्यापैकी एकानेही, एकमेकांना, तोंडाने विचारलं नाही, की आपल्या आईच्या घरात रोज कोण येऊन बसतं?"

तो टॅबकडे बघत होता. मला वाटलं, आता काही बोलेल. बोलला तो हळू, आणि कित्येक वर्षांत बोलला नव्हता तशा बोलीत. "माय, पाया पडतो. हो म्हण. एवढं एकदा हो म्हण."

पुण्याला गेल्यापासून मी आई झाले होते. माय म्हणून हाक मारली ती मला खुळी ठरवण्यासाठी.

त्याने टॅबवर बोट टेकवलं. देवघरावरचा ठिपका निळा झाला आणि तो गोड आवाज आला, "द्वारकाबाई नेहेते, आपल्याला गोष्टी आठवत नाहीत, हे आपल्याला मान्य आहे का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

मी उठले. डावा पाय घासला, मुद्दाम जरा जास्तच. खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला, कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली आणि वातींची पुडी. तिन्ही वस्तू हर्षलच्या ताटाशेजारी ठेवल्या. मग पेटीच्या खाली, अगदी समोर जाऊन उभी राहिले. जे बोलेन ते बोलल्या क्षणी पुण्याला पोचणार होतं आणि जन्मभर तिथे राहणार होतं. असा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

"नाही," मी पेटीला म्हणाले. "मला सगळं आठवतं. ते आधी लिही. आता मी माझ्या मुलाशी बोलणार आहे, तेही लिही."

मग मी त्याच्याकडे वळले.

"हर्षल, ऊठ आणि उभा राहून ऐक. तू मला चोर ठरवलं असतंस तर मी मान दिला असता. पोलीस आले असते, मी त्यांना चहा केला असता आणि शांताची बाटली दाखवली असती. पण तू मला खुळी ठरवायला निघालास, कारण ते तुला सोपं पडतं. माणूस गेल्यावर घरचे त्याच्या वस्तू चाळतात, तसा तू मला जिवंतपणी चाळत बसलास, दात गेले ते तुला कळलं नाही. हा तुझा गुन्हा. ओळी पुसायला गेलास तो गुन्हा नाही. इतक्या वर्षांत माझ्यासाठी केलेलं तेवढं एकच काम मला आवडलं, ते राहू दे लिहिलेलं. आता शिक्षा ऐक. किल्ल्या घे. एकेका दाराशी जा आणि त्या घराच्या पोराला फोन लाव. निरोप नाही, फोन. त्याला सांग, तुझी आई जाताना माझ्या आईला काय म्हणाली होती. जो हो म्हणेल त्याला कडी काढायला सांग, त्याच्या देवासमोर दिवा लाव, शांत होईस्तोवर बस, फुंकू नको. जो नाही म्हणेल त्याच्या उंबऱ्याबाहेर पणती ठेव, तिथे कोणाची परवानगी लागत नाही. नऊही दारांशी माझ्या पावलाशेजारी तुझं पाऊल उमटू दे. तुझी नोकरी जाईल की राहील, मला ठाऊक नाही. पण ती पावलं कोणाला पुसता येणार नाहीत, तूच म्हणालास. जा आता, अंधार पडतोय. पहिलं शांताचं घर कर."